दिव्याच्या बटणावरचा फॅन

तक्रार साधी होती: गॅस गिझर मधेच विझतो. सेल बदलून झाले होते, सिलिंडर बदलून झाला होता. आधी येऊन गेलेल्या मिस्त्रीने बर्नर साफ केला, सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितला, 'गळती नाही' म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. आमच्या धंद्यातले बरेचजण इथवरच येतात. आत येणाऱ्या गॅसची सगळ्यांना धास्ती, जळून बाहेर पडणाऱ्या धुराकडे कुणी बघत नाही.

बाथरूम नुकतंच नवं केलेलं. धुराचा पाइप बघून खरं तर बरं वाटलं. गिझरच्या डोक्यावरून हातभर सरळ वर, मग एकच वळण, बाहेर जाताना किंचित चढता, कुठे झोळ नाही, टोकाला टोपी. असं काम क्वचित बघायला मिळतं. एरवी पाइप फॉल्स सीलिंगच्या वर नेऊन तिथेच सोडलेला असतो, म्हणजे सगळा धूर डोक्यावरच्या पोकळीत. नाहीतर पाल येते म्हणून कुणीतरी तोंडाशी फडकं कोंबलेलं असतं. इथे तसलं काही नव्हतं. टोपीत घरटं नाही, ज्योत निळीशार. मग विझतो कशामुळे?

तेवढ्यात घरातल्या काकू दारात आल्या. "दादा, नीट बघा हं. आमच्या मुलीला दोनदा याच बाथरूममध्ये फिट आली. आता गोळ्या चालू आहेत."

"बाहेर कुठे आली होती का कधी?"

"छे. दोन्ही वेळा केस धुताना. आणि वास वगैरे काही नव्हता बरं का. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीनसुद्धा लावलं, तर 98."

गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, आणि त्याला वास नसतोच. सिलिंडरच्या गॅसला येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो जळताना जळून जातो. तो 98 आकडाही फसवा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, पण बोटावरच्या त्या साध्या मशीनला दोन्हींतला फरक कळत नाही. विषारी रक्तही त्याला भरलेलंच दिसतं.

पण मग एकट्या मुलीलाच का? आई-वडील त्याच गिझरचं पाणी घेतात. मी विचारलं, अंघोळीच्या वेळा काय? आई-वडील सकाळी आठ-नऊला, मुलगी पहाटे, अंधारात. मी दिव्याचं बटण दाबलं, आणि वर एक्झॉस्ट फॅन गरगरायला लागला.

दोन्ही एकाच बटणावर. दिवसा दुधी काचेतून भरपूर उजेड येतो, दिवा कुणी लावत नाही, म्हणून फॅनही चालत नाही. पहाटे अंघोळीला जाणारी ती एकटी, आणि केस धुवायचे म्हणजे निवांत कारभार.

खिडकी उघडून, फॅन बंद करून बाथरूम मोकळं होऊ दिलं. मग खिडकी लावली, दार ओढलं, गिझर पूर्ण आचेवर ठेवला. पाच मिनिटांनी उदबत्ती पेटवून गिझरच्या वरच्या हुडाच्या फटीशी धरली. धूर आळसावल्यासारखा, पण आतच ओढला जात होता. मग दिवा लावला. धूर थबकला, जरा थरथरला आणि सरळ माझ्या तोंडावर आला. हातातला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर आधी जेमतेम हलत होता. तो पीपीएममध्ये मोजतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग. तो 40, 90, 150 असा चढत गेला. 200 दिसल्यावर गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि सोबतच्या पोराला घेऊन बाहेर आलो. 400 पीपीएममध्ये तासा-दोन तासांत डोकं ठणकायला लागतं. 1600 मध्ये तेवढ्याच वेळात माणूस जाऊ शकतो. बंद खोलीत आकडा एका जागी थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन घटतो तशी ज्योत आणखी वाईट जळते आणि विष वाढतच जातं.

मालकांना पटेना. "अहो, फॅन हवा बाहेरच टाकतो ना? मग उलट चांगलंच की." प्रश्न बावळट नव्हता. फॅन हवा बाहेर टाकतो, म्हणजे तेवढीच कुठूनतरी आत यायला हवी. पूर्वी खिडकीला काचेच्या पट्ट्या होत्या, दाराखाली बोटभर फट होती. नव्या कामात काचेच्या सरकत्या तावदानांची खिडकी बसली आणि दाराला रबराची पट्टी लागली. मग हवेला शिरायला एकच मोठी वाट उरली: धुराचा पाइप. त्यातून धूर वर चढतो तो फक्त गरम असतो म्हणून, आणि ती ओढ फार दुबळी, दोन-पाच पास्कलची. हवेचा दाब एक लाख पास्कल असतो, त्यापुढे हे काहीच नाही. कुठलाही फॅन तिला उलटी फिरवतो. धूर बर्नरवरच उतरत होता, आणि आपलाच धूर खाऊन ज्योत विझत होती. विझत होती ते नशीबच.

या घरात वाईट काम कुणाचंच नव्हतं, हे मला अजून पचत नाही. पाइपवाल्याने उत्तम केलं, सुताराने दार घट्ट बसवलं, इलेक्ट्रिशियनने एक बटण वाचवलं. इंटिरियरवाले मात्र मला कधीच समजलेले नाहीत. टाइलच्या रंगावर महिना घालवतील, पण आत ज्योत जळणार आहे, तिला हवा कुठून, हे एकदाही विचारणार नाहीत. गॅसच्या एका भागाला पंचवीस-तीस भाग हवा लागते.

"फॅनचं बटण वेगळं करून देतो, मग चालेल ना?" मालक म्हणाले. नाही चालणार. वेगळं केलेलं बटणही कुणीतरी दाबणारच, आणि फॅन नसतानाही ती बंद खोली धड नव्हतीच. गिझर काढून उघड्या गॅलरीत लावला, गरम पाण्याची लाइन भिंतीतून आत घेतली. नव्या टाइलला भोक पडलं म्हणून काकू हळहळल्या.

मुलीला फिट नव्हतीच, असं मी म्हणणार नाही. ते माझं काम नाही. पण बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे झटके येऊन शुद्ध हरपल्याच्या घटना डॉक्टरांना माहीत आहेत. म्हणून मीटरचे आकडे, खिडकीची आणि फॅनची हकीगत कागदावर लिहून दिली आणि म्हटलं, हा डॉक्टरांना दाखवा, गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नका.

मध्यंतरी फोन केला. गिझर मस्त चालतोय म्हणाले. कागदाचं विचारलं, तर म्हणाले, "पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे, तेव्हा नेऊ." मी म्हटलं, फोटो काढून आजच पाठवा की. "बघतो," म्हणाले.