नळी थंड झाल्यावर

दिवाळीला चार दिवस उरले होते. नागपुरातल्या एका खासगी अन्नतपासणी प्रयोगशाळेत मी तेव्हा नवीनच लागले होते, आणि सणामुळे टेबलावर खोव्याच्या सॅम्पलची रांग लागली होती. दुपारी एक ताई डब्यात पावभर खोवा घेऊन आल्या. त्या घरी संत्रा बर्फी करून विकतात. या वेळी नव्या व्यापाऱ्याकडून आठ किलो घेतला होता.

"मॅडम, हाताला जरा चिकट लागून राहिला. पाहून द्या ना जी."

आधी खोव्यातली चरबी वेगळी करून फरफ्युरॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी केली. वनस्पती तुपात नियमानेच तिळाचं तेल घातलेलं असतं, त्यामुळे ते मिसळलं असेल तर आम्लाचा थर गुलाबी होतो. झाला नाही. मग स्टार्च. चिमूटभर खोवा पाच मिली पाण्यात उकळला आणि आयोडीनचे तीन थेंब टाकले. रंग पिवळटच राहिला. "स्टार्च नाही," मी सांगितलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलंही. ताई लगबगीनं निघाल्या. घरी संत्री सोलून ठेवलेली होती.

पंधरा-वीस मिनिटांनी नळ्या धुवायला घेतल्या. त्यातली एक गडद निळी होती, जवळजवळ काळी. लेबल पाहिलं, अक्षर माझंच. पोटात गोळाच आला.

उकळतं पाणी निवायच्या आतच मी आयोडीन टाकलं होतं. स्टार्चच्या रेणूची साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. त्या वेटोळ्यात आयोडीन जाऊन बसलं की निळा रंग दिसतो. उष्णतेनं वेटोळं सैल पडतं आणि रंग जातो, निवलं की परत येतो. शिकलेलं सगळं होतं. फक्त थांबले नव्हते.

पुन्हा तीन नळ्या लावल्या: खोवा, तांदळाची पेज, नुसतं डिस्टिल्ड पाणी. तिन्ही नळाखाली धरून थंड केल्या. खोवा आणि पेज निळी, पाणी पिवळं. लगेच फोन लावला.

"ताई, खोवा कढईत टाकला का?"

"नाही अजून, गर आटवून राहिली. काऊन?"

त्या परत आल्या. चूक माझी आहे, हे आधी सांगितलं. मग नळी त्यांच्यासमोर हलकेच तापवली. निळा रंग विरत गेला. गार पाण्याच्या पेल्यात ठेवली, तर हळूहळू परत उमटून आला. ताई नळीकडे टक लावून बघत होत्या.

"म्हणजे दडूनच बसलं होतं."

स्टार्च खाऊन कोणी आजारी पडत नाही, पण खोव्याच्या भावात मैदा किंवा आरारूट विकणं ही सरळ चोरी आहे, आणि त्या चोरीवर मी "नाही" असं लिहून दिलं होतं. ती ओळ खोडून शेजारी सही केली.

ताईंनी आयोडीन कुठं मिळतं ते विचारलं. मेडिकलमधलं टिंक्चरही चालेल, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, दुसऱ्या दुकानाच्या पायरीवरून.

"पिवळंच राहिलं, मॅडम. निवू देऊनच टाकलं जी."