रबर बँडात बांधलेली माझी सही

तीन वर्षं माझी सही माझ्याकडं नव्हतीच. बेळगावात टिळकवाडीतल्या एका ड्रॉवरमध्ये होती.

उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे, चुलतभावाबरोबर भागीदारीत. जीएसटीसाठी डिजिटल सही काढली आणि ती ज्यात असते ते पेन ड्राइव्हसारखं टोकन टॅक्सचं काम बघणाऱ्या ऑफिसातच ठेवलं. सगळेच ठेवतात. परवा टेंडर भरायचं म्हणून आणायला गेलो. ऑफिसातल्या पोरानं ड्रॉवर ओढला. आत रबर बँड लावलेले टोकनांचे जुडगे. प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेननं फर्मचं नाव, खाली पिन. बहुतेकांचा एकच : एकपासून आठपर्यंतचे आकडे ओळीनं.

"अण्णा, नेऊन काय करणार? रिटर्नच्या वेळी परत आणायला लागतंय की."

तरी आणलं. मुदत नऊ दिवसांत संपत होती, म्हणून नवा अर्ज केला. भागीदारी पत्र, फर्मचं पॅन, आधार, पैसे, सगळं चहा थंड व्हायच्या आत झालं. मग ओटीपी.

तो आलाच नाही. फोन बंद-चालू केला. सिम काढून पुसून घातलं. गच्चीवर जाऊन उभा राहिलो. हेल्पलाइनवरची बाई तीन दिवस एकच सांगत होती, नोंदवलेल्या नंबरवर पाठवलाय. चौथ्या दिवशी स्क्रीनवर फुल्यांच्या पुढं दिसणारे शेवटचे दोन आकडे नीट बघितले. ते माझे नव्हते. ऑफिसात पूर्वी कामाला असलेल्या एका पोराचे होते, आणि तो आता हुबळीला शोरूममध्ये. ईमेलही ऑफिसचाच. म्हणजे नोंदीत तीन वर्षं ‘मी’ म्हणजे तो पोरगा! फोन लावला तर म्हणतो, "काका, मला कुणाकुणाचे ओटीपी यायचे, वैतागून मेसेजच बंद केलेत."

रागाच्या भरात कायदा वाचून काढला. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 42 सरळ सांगतं, खाजगी चावी, म्हणजे सही उमटवणारा गुप्त कोड, स्वतःच्या ताब्यात राहील याची काळजी सहीवाल्यानं घ्यायची, आणि ती हातची गेली तर सही देणाऱ्या संस्थेला विलंब न लावता कळवायचं. कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच. चावी टोकनच्या आतच तयार होते, बाहेर काढता येत नाही, एवढी तजवीज केलेली आहे. आणि आम्ही टोकनच पिनसकट दुसऱ्याच्या हातात देतो. 2015 साली सरकारनं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करून लपवणं, याच्या धोरणाचा मसुदा आणला, त्यात मेसेजचा साधा मजकूर 90 दिवस जपून ठेवा म्हटलं होतं. केवढी बोंब झाली, आणि लगेच मागं घ्यावा लागला. बोंब मारणाऱ्यांत मीही होतो. आणि पुढं माझी स्वतःची चावी कुठं राहिली, हे विचारू नका.

नंबर बदलायचा म्हणजे ओळख पहिल्यापासून. पॅन हातात धरून व्हिडिओ. पहिला नापास, मागं लेथ चालू होता. दुसरा नापास, पॅनवर ट्यूबलाइटची चमक. पॅन किंचित खाली वाकवून धरायचं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिसरा शहापूरला घरी, सकाळी खिडकीत बसून, बायकोनं फोन धरून. तो चालला. टेंडरची तारीख उलटून गेली होती.

हां, एक राहिलं. जुनी सही मुदत संपेपर्यंत तशीच सोडू नका, अर्ज देऊन रद्द करा. मी ते शेवटी केलं, पहिल्यांदा करायला हवं होतं. पिन आल्या आल्या बदला, पण लक्षात राहील असा. ठरावीक वेळा चुकला की टोकन कुलूपबंद होतं, आणि ते पुसून चालू केलं तर आतली सहीही जाते, पुन्हा पैसे. फॉर्म दुसऱ्यानं भरला तरी मोबाइलचा रकाना स्वतः वाचा.

आता दर महिन्याच्या 20 तारखेच्या आत फोन येतो, "अण्णा, टोकन घेऊन या की." स्कूटर काढतो, जातो, टोकन लावतो. मी पिन घालेपर्यंत पोरगा खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघत बसतो, आणि "झालं काय?" असं दोनदा विचारतो.