तुम्ही विचारलंत म्हणून: एका नोकरीला पाच संस्था कशाला?

हा प्रश्न मला नात्यातल्या लग्नात विचारला जातो, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात विचारला जातो, आणि मागच्या महिन्यात तो आमच्या वस्तीतल्या एका आईनेही विचारला: "ताई, पोराला नोकरी लावायची तर पाच-पाच संस्था कशाला लागतात? एकीला जमत नाही का?" मी पुण्यात येरवड्याच्या परिसरात गेली चौदा वर्षे अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींबरोबर काम करते, त्यामुळे या प्रश्नाला नीट उत्तर देणे मला लागते. नोकरी लावायला एक संस्था पुरते. ती नोकरी चांगली असावी आणि मुलाने तीत टिकावे, एवढे पाहायचे ठरवले की मात्र ते एकीच्या आवाक्यात राहत नाही.

हे सुरुवातीला आम्हालाही कळत नव्हते. पहिली काही वर्षे आम्ही एकट्यानेच वर्ग चालवत होतो: संगणक, टॅली, इंग्रजी संभाषण, मुलाखतीची तयारी. तीन महिन्यांचा वर्ग संपला की मुलांना कुठे ना कुठे कामाला लावायचे, त्यांच्या नियुक्तीचा आकडा अहवालात लिहायचा आणि नवी तुकडी घ्यायची, असे चालले होते. एका दिवाळीत जुन्या यादीतल्या मुलांना शुभेच्छा द्यायला म्हणून मी फोन केले, तेव्हा कळले की त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती नोकरी कधीच सोडली होती. मी वही उघडून कारणे लिहून घेऊ लागले. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटल्यावर एकाला घरी यायला बस नव्हती. एकीच्या लहान भावाला दिवसा सांभाळायला कोणी नव्हते. तिघांना ठेकेदाराने नियुक्तिपत्रच दिले नव्हते, आणि चौथ्या महिन्यात "उद्यापासून येऊ नका" एवढेच सांगितले होते. त्या वहीतले एकही कारण असे नव्हते, की जे आमच्या वर्गात आणखी चार धडे शिकवल्याने दूर झाले असते.

त्यानंतर आम्ही शेजारच्या संस्थांकडे जाऊ लागलो. आज दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाच संस्थांची माणसे महापालिकेच्या एका शाळेच्या वर्गात बसतात. बचत गटांचे काम करणाऱ्या बायकांना घराघरातली परिस्थिती माहीत असते. कोणत्या मुलीला घरून परवानगी मिळेल आणि त्यासाठी कोणाशी बोलावे लागेल, हे त्या नेमके सांगतात. कायदेविषयक मदत करणारी संस्था दाखले आणि कागदपत्रे पाहते. आमच्यासारख्या दोन संस्था शिकवतात. पाचवी असंघटित कामगारांची संघटना आहे आणि खरे सांगायचे तर तिला बोलवायला आम्ही सर्वांत उशीर केला, कारण संघटनेचे नाव ऐकून कंपन्या दूर जातील अशी आम्हाला भीती होती. ती भीती चुकीची ठरली.

एका मुलीचे उदाहरण सांगते. तिला वाघोलीजवळच्या एका गोदामात पॅकिंगचे काम मिळाले, ठेकेदारामार्फत, पण रीतसर नियुक्तिपत्रासह. दहावीच्या गुणपत्रिकेवर तिच्या वडिलांचे नाव एका स्पेलिंगने होते आणि आधार कार्डावर दुसऱ्या. एवढ्या एका अक्षरासाठी भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडेना, आणि खाते नाही म्हणून पहिल्या महिन्याचा पगार अडकला. घरून लगेच सुरू झाले, की पैसे देत नाहीत तर कशाला जातेस. बचत गटातल्या मावशी तिच्या आईपाशी जाऊन बसल्या, कायदेविषयक संस्थेने आधारची दुरुस्ती करून घेतली, आणि या दोन्ही गोष्टी त्याच पंधरवड्यात झाल्या म्हणून ती कामावर राहिली. महिनाभर उशीर झाला असता तर तिचेही नाव माझ्या वहीत गेले असते.

पुढच्या शनिवारी ती पगाराची पावती घेऊन आली. एकूण पगार 17,500. भविष्य निर्वाह निधीचे 1,800 कापलेले, कर्मचारी राज्य विम्याचे 132, व्यवसाय कराचे 200, आणि हातात 15,368. आम्ही सगळ्यांनी ती पावती पाहिली आणि ठीक आहे म्हणालो. संघटनेच्या काकांनी मात्र 200 या आकड्यावर बोट ठेवले. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे, तेव्हा ही कपात मुळात व्हायलाच नको होती. मग त्यांनी 132 कडे बोट नेले आणि विचारले, "विम्याचं कार्ड काढलंस का? आई तुझ्यावर अवलंबून आहे ना, मग तिचं नाव घातलंस का?" तिच्या आईला मधुमेह आहे आणि दरमहा औषधांवर बराच खर्च होत होता. पगाराच्या पाऊण टक्का आपण भरतो, सव्वातीन टक्के मालक भरतो आणि त्यातून आईवरही उपचार होऊ शकतात, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. ठेकेदाराने नंतर कराचे कापलेले पैसे परत दिले, पण माझ्या मते ती मुलगी त्या नोकरीत टिकली ती आईच्या औषधांमुळे. चौदा वर्षे मुलांना मुलाखतीत कसे बसावे हे शिकवणाऱ्या मला पगाराची पावती वाचता येत नव्हती, याची खंत मला आजही वाटते.

संस्था अशा एकत्र येतात हे काही आम्ही शोधून काढलेले नाही. पुण्यातच महानगरपालिकेने जागा द्यायची आणि संस्थांनी मिळून तरुणांना घडवायचे, या पद्धतीने 2016 साली औंधमध्ये 'लाइटहाउस' या कौशल्य-उपक्रमाचे पहिले केंद्र सुरू झाले, आणि ते काम पुढे बरेच वाढले. तरीही अशी उदाहरणे थोडी का, असा उपप्रश्न येतोच. त्याचे कारण बरेचसे पैशांच्या वाटेत आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्यातून आमच्यासारख्या कामाला खरोखर मोठा आधार मिळाला. पण देणगीदार साहजिकच विचारतो, किती जणांना नोकरी लागली? मग एकच मुलगा तीन संस्थांच्या अहवालांत तीनदा मोजला जातो, आणि शेजारची संस्था मदतनीस न वाटता स्पर्धक वाटू लागते. आमच्यातही यावरून कडाक्याचे वाद झाले. शेवटी सर्वांची मिळून एकच नोंदवही ठेवायची, मुलाचे नाव तीत एकदाच लिहायचे आणि कोणी काय केले ते त्याच्यापुढे नोंदवायचे, असे ठरले. आपला आकडा निम्म्याने खाली आला हे देणगीदाराला सांगणे सोपे नव्हते. एका देणगीदाराने पुढच्या वर्षी पैसे दिले नाहीत.

तरीही एकत्र येण्याचा सर्वांत मोठा उपयोग मला विचाराल, तर तो नकार देण्यासाठी होतो. मागे एक ठेकेदार चाळीस जागा घेऊन आमच्याकडे आला होता: बारा तासांचे काम, नियुक्तिपत्र नाही, पगार रोखीने. एकट्या संस्थेला चाळीस हा आकडा नाकारता येत नाही, कारण आपण नाही म्हटले तर शेजारची संस्था हो म्हणते आणि वर्षाचे उद्दिष्ट तिचे पूर्ण होते. त्या वेळी तो पाचही संस्थांकडे गेला आणि पाचही ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळाले: पत्र द्या, आठ तासांवरच्या कामाचे वेगळे पैसे द्या, मग मुले पाठवतो. तो परत आला नाही. पण त्याच आठवड्यात आमचा एक मुलगा मला म्हणाला, "ताई, तुम्हाला नाही म्हणायला परवडतं. माझ्या घरी भाडं थकलंय." त्याचे म्हणणे खरे होते. तेव्हापासून आम्ही अशा जागा मुलांपासून लपवत नाही. त्यात काय मिळते आणि काय मिळत नाही हे सांगतो, आणि ज्याला जायचे त्याला जाऊ देतो. फक्त त्याला आम्ही नोकरी लावली असे लिहीत नाही.

शिकाऊ उमेदवारीचेही तसेच. 1961 च्या कायद्यानुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. आयटीआय झालेल्या मुलासाठी तो उत्तम रस्ता आहे, मी स्वतः मुलांना तिकडे पाठवते. पण तिथे मिळते ते विद्यावेतन असते, तिथे भविष्य निर्वाह निधी नसतो, आणि मुदत संपल्यावर मालकाने ठेवून घेतलेच पाहिजे असेही नाही. घरी "पोरगा कंपनीत लागला" म्हणून पेढे वाटले जातात आणि वर्षाने तो पुन्हा आमच्या दारात उभा असतो. म्हणून वहीत त्याचा रकाना वेगळा आहे.

ज्या आईने मला विचारले होते, तिचा मुलगा सध्या याच रकान्यात आहे. भोसरीतल्या एका कारखान्यात त्याचे अकरा महिने झाले आहेत. पुढचे पत्र निघते का, हे विचारायला येत्या सोमवारी मी आणि संघटनेचे काका तिथे जाणार आहोत, आणि ते पत्र हातात येईपर्यंत त्याचे नाव "लागले" या रकान्यात लिहायचे नाही, असे त्याच्या आईलाही सांगितले आहे.