केशरी पट्टी लागेना: ग्रुप क्लासमधल्या ठोक्यांची नोंद

ज्यांच्या जिममध्ये समोर मोठा पडदा असतो आणि त्यावर प्रत्येकाच्या नावाची रंगीत चौकट उजळते, त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचा कोथरूडमधला सकाळचा क्लास अर्धा स्पिनिंगचा (जागच्या जागी फिरणारी सायकल), अर्धा जमिनीवरच्या व्यायामांचा. हृदय मिनिटाला जास्तीत जास्त जितके ठोके मारू शकतं ते कमाल ठोके; त्यांच्या ७० टक्क्यांपर्यंत चौकट निळी, ८० पर्यंत हिरवी, त्यावर केशरी आणि ९० च्या वर लाल. केशरीत जितकी मिनिटं काढाल तितके गुण.

पाऊस सुरू झाल्यापासून मी या केशरीच्या मागे लागले आहे. शेजारची पोरं वॉर्मअप संपता संपताच केशरीत जातात. मी घामाने निथळतेय, मांड्या भरून आल्यात, आणि चौकट हिरवीच्या हिरवी. ट्रेनर मनापासून ओरडतो, "ताई, अजून थोडं!" अहो, अजून थोडं आणू कुठून?

जून: आधी यंत्राची झडती

पहिला संशय घड्याळावर. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताच्या लाटा मोजतं. चालताना ते ठीक असतं. पण पुशअपला मनगट दुमडलं, हँडल घट्ट पकडलं किंवा घड्याळ घामाने सरकलं, की आकडा भरकटतो. झुंबाच्या बॅचला तर गंमतच. तिथे घड्याळ ठोके सोडून पावलांचा ताल पकडतं आणि छान १६० वगैरे दाखवतं. झुंबात केशरी, सायकलवर हिरवी, हे कोडं बरंचसं इथेच सुटलं.

छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत थेट टिपतो, त्यामुळे विश्वास त्याच्यावरच. मात्र आतल्या बाजूचे रबरी पॅड ओले करून बांधायचे. कोरडा पट्टा सुरुवातीची काही मिनिटं वाट्टेल ते दाखवतो आणि घाम आल्यावर शहाण्यासारखा वागू लागतो. मी नळाखाली नुसता हात ओला करून पॅडवर फिरवते, तेवढं पुरतं. पट्टा लावला आणि निकाल आणखी वाईट लागला: सायकलवर जीव तोडून १३२, फार तर १३४.

आषाढ: टक्के कशाचे?

केशरी म्हणजे ८० टक्के. पण कशाचे? माझं वय ४६. नाव नोंदवताना वय भरलं, तेव्हा यंत्रणेने २२० वजा वय करून माझे कमाल ठोके १७४ धरले. म्हणजे केशरी १३९ ला सुरू.

हे २२० चं सूत्र सगळीकडे चालतं, पण त्याचा पाया फार पोकळ आहे. १९७१ च्या सुमारास फॉक्स आणि सहकाऱ्यांनी हाताशी असलेल्या थोड्या आकडेवारीवरून ढोबळ अंदाज बांधला होता. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. त्याने माझे १७६ येतात. २०१० मध्ये मार्था गुलाटी यांच्या गटाने शिकागोतल्या पाच हजारांहून जास्त स्त्रियांच्या चाचण्यांवरून खास बायकांसाठी सूत्र मांडलं, २०६ वजा वयाच्या ०.८८ पट. त्याने येतात १६५-१६६. एकाच बाईचे तीन आकडे! शिवाय कुठलंही सूत्र घेतलं तरी माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सर्रास असतो. सूत्र सरासरी सांगतं, आणि पडदा ती सरासरी माझ्या नावापुढे लावतो.

मग पुणेकर करतो तेच केलं. पट्टा बांधून आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. आडवारी गेले, रविवारच्या गर्दीत कुठला दम लागणार! अर्धी वाट बेताने चढले, मग वेग वाढवला आणि शेवटचा खडा टप्पा होता नव्हता तेवढा जोर लावून. पुणे दरवाजाच्या जरा खाली १६७ दिसले. त्यापुढे आकडा हलेना, आणि मला बोलवेना. प्रयोगशाळेतल्या चाचणीची सर याला नाही, पण २२० च्या सूत्रापेक्षा हा आकडा निदान माझा स्वतःचा आहे. (ज्यांना बीपी, साखर, छातीत दुखणं असं काही आहे, त्यांनी असले प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.) वर दही खाल्लं आणि उतरताना तिथल्या तिथे ॲपमध्ये १६७ भरून टाकलं. केशरी आता १३४ ला सुरू.

यात एक गोम आहे, ती नव्या लोकांनी लक्षात ठेवावी. माझं घड्याळ टक्के वेगळ्या रीतीने काढतं. कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करायचे, उरलेल्याचे टक्के काढायचे आणि विश्रांतीचे पुन्हा मिळवायचे. फिनलंडच्या कार्वोनेन यांची १९५७ पासूनची रीत. माझे विश्रांतीचे ६२ धरले तर या हिशोबाने ८० टक्के होतात १४६. म्हणजे त्याच मिनिटाला पडदा शाबासकी देतो आणि घड्याळ म्हणतं, मध्यम व्यायाम चालू आहे. दोघांपैकी एकाचंच ऐकायचं. मी पडद्याचं ऐकते.

श्रावण: सीट आणि नॉब

खरा फरक इथे पडला. माझी सीट खाली होती. पाय जमिनीला टेकतात म्हणून बरं वाटायचं, पण गुडघे सतत दुमडलेले राहायचे आणि दम लागायच्या आधी मांड्या पेटायच्या. पाय थकले की वेग मरतो, मग हृदयाला काम उरतच नाही. आता सायकलशेजारी उभी राहून सीट कंबरेच्या हाडाच्या उंचीला आणते. वर बसून टाच पेडलवर ठेवते आणि पेडल अगदी खाली नेते. पाय सरळ झाला की उंची बरोबर. मग चवडा पेडलवर घेतला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो.

दुसरा मुद्दा रेझिस्टन्सचा, म्हणजे नॉब फिरवून पेडल किती जड करायचं याचा. जोरात गाणं लागलं की आमची अख्खी बॅच नॉब सैल करून ११० च्या वर आरपीएम (मिनिटाला पेडलचे फेरे) मारते आणि सीटवर उड्या मारत असते. दिसायला जोरदार, पण त्यात बरंचसं काम जड चाक स्वतःच्या गतीने करून घेतं. मी नॉब घट्ट करत गेले, आरपीएम ८५-९० च्या आसपास धरलं आणि बूड सीटवर स्थिर ठेवलं. वॉट, म्हणजे पेडलवर लागणाऱ्या ताकदीचा आकडा, वाढले आणि त्यांच्या मागोमाग ठोकेही. लांब चढाच्या गाण्याला चौकट पहिल्यांदा केशरी झाली आणि गाणं संपेपर्यंत टिकली. १३८, मग १४१. शेजारच्या पोराने टाळी दिली.

तरी सायकलवरचा आकडा धावण्याच्या किंवा चढण्याच्या आकड्याच्या खालीच राहणार. अंगाचा भार सीटवर असतो आणि मुख्य राबतात ते पाय. सिंहगडाचे १६७ स्पिनिंगला दिसावेत असा हट्ट मी सोडला आहे.

गणपतीच्या आसपास

क्लासचा दुसरा अर्धा भाग अजून हिरव्या-निळ्यात अडकलाय आणि तो तसाच राहिला तरी माझी हरकत नाही. तिथे ३० सेकंद जोर, ३० सेकंद विश्रांती असं चालतं. ठोके त्या वेगाने चढत नाहीत, ते मागून येतात. गॅस बंद केल्यावर कुकरची शिट्टी व्हावी तसा माझा सर्वात मोठा आकडा विश्रांती सुरू झाल्यावर दिसतो आणि लगेच खाली येतो. विश्रांतीत कंबरेवर हात ठेवून उभं राहण्याऐवजी जागच्या जागी पावलं टाकत राहिले तर पुढची फेरी चार-पाच ठोके वरून सुरू होते, एवढाच उपाय. पण काहीजण रंगासाठी डेडलिफ्ट घाईघाईने उरकतात, ते बघवत नाही. वजन उचलायचं ते स्नायूंसाठी. तिथे पडद्याकडे पाठ करून उभं राहावं.

भाची ढोलपथकात आहे. नदीकाठच्या सरावाला एका संध्याकाळी माझा पट्टा बांधून गेली. ढोल कंबरेला, टिपरू हातात, मधे थांबणं नाही. आली ती आकडे दाखवतच: सलग १५० च्या वर. तिला म्हटलं, तुझ्या पथकाचीच फी भरते.

माझ्या उजव्या बाजूच्या सायकलवर एक काकू असतात. त्यांची चौकट कायम निळी, आणि त्या बिचाऱ्या खट्टू व्हायच्या. बोलताना कळलं, रक्तदाबासाठी त्यांना मेटोप्रोलॉल चालू आहे. बीटा ब्लॉकर गटातली गोळी ठोके चढूच देत नाही, त्यामुळे वयाची सूत्रं त्यांना लागूच पडत नाहीत. गोळीला हात न लावता पडदा सोडायचा. त्यांच्यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची, व्यायाम किती जड वाटतो ते आपणच ठरवायची ६ ते २० ची पट्टी बरी: १३ म्हणजे जरा जड, १५ म्हणजे जड, १७ म्हणजे फार जड. काकूंनी त्याहून सोपं काढलंय, सतराचा पाढा. एका दमात 'सतरा पंचे पंच्याऐंशी' पर्यंत जाता आलं तर नॉब अर्धा फेरा घट्ट. 'सतरा दुणे' लाच दम तुटला तर सैल.

ऑक्टोबर

या आठवड्यात एसी बिघडला आणि अख्खी बॅच केशरीत. सगळे खूश. माझी वॉटची नोंद मात्र गेल्या आठवड्याइतकीच, ठोके तेवढे आठ-नऊने जास्त. उकाड्यात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं, मग तेच काम करायला हृदयाला जास्त धडधडावं लागतं. हे गुण मी वहीत धरले नाहीत. आता ठोक्यांशेजारी वॉट लिहायला सुरुवात केली आहे, कारण उलटा पेचही दिसू लागलाय. श्रावणात ज्या वॉटला १४१ यायचे, त्याला आता गार सकाळी १३५ येतात. म्हणजे तब्येत सुधारली की केशरी पुन्हा लांब पळणार, आणि नॉब आणखी घट्ट करावा लागणार.

पुढच्या महिन्यात जिममध्ये रोइंग मशीन येतंय. त्यावर हात, पाठ, पाय सगळंच कामाला लागतं, त्यामुळे आकडा सायकलपेक्षा वर जाईल असा माझा अंदाज आहे. कोणाकडे दोन्हींच्या नोंदी असतील तर वॉटसकट टाका.