एलव्हीएमचा नकाशा सर्व्हरबाहेर ठेवा

लिनक्सवरचं एलव्हीएम (डिस्क एका 'व्हॉल्यूम ग्रुप'मध्ये एकत्र करून त्यातून व्हॉल्यूम, म्हणजे आभासी पार्टिशन, देणारी व्यवस्था) प्रत्येक बदलानंतर व्हॉल्यूम ग्रुपच्या मांडणीची ताजी प्रत '/ईटीसी/एलव्हीएम/बॅकअप'मध्ये ठेवतं, जुन्या प्रती शेजारच्या 'आर्काइव्ह'मध्ये जातात. पण '/ईटीसी' त्याच ग्रुपमधल्या रूट व्हॉल्यूमवर (जिथे सिस्टीम स्वतः असते) असेल, तर ग्रुप उघडेनासा झाल्यावर ही फाइल वाचणार कुठून? ती दुसऱ्या मशीनवर गेलीच पाहिजे.

त्यासाठी मांडणी फाइलमध्ये लिहिणाऱ्या 'व्हीजीसीएफजीबॅकअप' कमांडला '-एफ' देऊन फाइलचं नाव द्या. नावात '%एस' घातलं की तिथे ग्रुपचं नाव येतं आणि प्रत्येक ग्रुपची फाइल वेगळी होते. हीच ओळ थेट क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी) टाकली तर मात्र फसते. तिथे '%' म्हणजे नवी ओळ, त्यामुळे कमांड मध्येच तुटते. त्याआधी '\' लावा, किंवा सरळ स्क्रिप्ट करून ती बोलवा.

फाइल साध्या मजकुराची असते, एकदा उघडून बघाच. वरच्या 'डिस्क्रिप्शन' ओळीत ती कोणत्या कमांडच्या आधी किंवा नंतर बनली ते लिहिलेलं असतं. खाली प्रत्येक डिस्कचा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक), आणि कोणत्या व्हॉल्यूमचे एक्स्टेंट (जागेचे ठराविक आकाराचे तुकडे) कोणत्या डिस्कवर कुठून सुरू होतात ते. 'पीव्हीमूव्ह'ने डेटा एका डिस्कवरून दुसरीकडे हलवल्यानंतर त्याआधीची फाइल परत चढवली, तर व्हॉल्यूम भलत्याच जागेकडे बोट दाखवतो. म्हणून मांडणी बदलली की लगेच नवी प्रत बाहेर पाठवा, रात्रीच्या क्रॉनची वाट बघू नका.

डिस्कवरचं एलव्हीएमचं लेबल (ओळखखूण) पुसलं गेलं, तर आधी डिस्कची यादी देणाऱ्या 'एलएसबीएलके'मध्ये सिरियल नंबर जुळवा. 'एसडीबी' हे नाव रीबूटनंतर बदलू शकतं. मग डिस्कवर लेबल लिहिणाऱ्या 'पीव्हीक्रिएट'ला '--यूयूआयडी'मध्ये फाइलमधला जुना यूयूआयडी आणि '--रिस्टोअरफाइल'मध्ये ती फाइल द्या. दोन्ही हवेत: यूयूआयडीवरून ग्रुप डिस्क ओळखतो, फाइलवरून डेटाची सुरुवात पूर्वीच्याच जागी राहते. त्यानंतर फाइलमधली मांडणी परत चढवायला 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर', मग ग्रुप सुरू करायला 'व्हीजीचेंज -एवाय'. माउंट करण्याआधी फाइल सिस्टीम ईएक्सटी४ असेल तर 'एफएससीके -एन' चालवा, एक्सएफएसला 'एक्सएफएस_रिपेअर -एन'. दोन्ही नुसतं तपासतात, काही लिहीत नाहीत.

डिस्कच नवी असेल तर एवढ्याने फक्त रिकामे व्हॉल्यूम मिळतील, डेटा नेहमीच्या बॅकअपमधूनच आणावा लागेल. ग्रुपमध्ये थिन पूल (लागेल तशी जागा वाटणारा साठा) असेल तर 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर' '--फोर्स'शिवाय चालत नाही, कारण पूलचा स्वतःचा मेटाडेटा या फाइलमध्ये नसतो. तिथे घाईने '--फोर्स' मारू नका.

याच फोल्डरमध्ये 'एसएफडिस्क -डी'चं आउटपुट ठेवा, पार्टिशन टेबल त्यात येतं. लक्स (डिस्क एन्क्रिप्शन) वापरत असाल तर 'क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप'ची फाइलही घ्या, पण ती कुलपात. पासवर्ड बदलला तरी त्या जुन्या हेडरवर जुना पासवर्ड चालतो.