मारवेल आणि त्याचे भाऊबंद

मारवेल हे गवत ओळखायचं तर काडीच्या सांध्यावरची पांढरी लव बघा, असं सर्रास सांगतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. तसंच केसाळ कडं बोथ्रिओक्लोआ पर्टुसा या दुसऱ्या गवतालाही असतं, आणि ही दोन्ही गवतं बऱ्याचदा एकाच माळावर उगवतात. शिवाय जुन्या सांध्यांवरची लव झिजून जाते. तेव्हा खालचा, गुरांनी तुडवलेला सांधा गुळगुळीत दिसला म्हणून निकाल देऊ नये. वरचा कोवळा सांधा तपासावा.

खरा निवाडा तुऱ्यात होतो. तुऱ्याच्या प्रत्येक फाट्यावर कणिशकं, म्हणजे तुसांत बसलेल्या फुलांचे छोटे पुंजके, जोडीनं बसतात, एक बिनदेठाचं आणि एक देठाचं. तो बारीक देठ चिमट्यानं सोडवायचा, उजेडासमोर धरायचा आणि दहापट भिंगातून बघायचा. दोन्ही कडा जाड आणि मधोमध आरपार दिसणारी रेघ असेल, तर बोथ्रिओक्लोआ. देठ भरीव, रेघेचा पत्ता नाही, तर डायकॅन्थियम, म्हणजे मारवेलचं कूळ. खात्रीसाठी फाट्याचा तळ बघावा. मारवेलच्या तळाच्या एक-दोन किंवा जास्त जोड्यांना कुसळच नसतं. बोथ्रिओक्लोआत ते पहिल्या जोडीपासून असतं. ही तपासणी तुरा पिकायच्या आत उरकावी. पिकलेला फाटा सांध्यासांध्यातून तुटतो आणि बघायला जोड्याच उरत नाहीत.

पर्टुसाच्या बिनदेठाच्या कणिशकावर, खालच्या तुसाच्या पाठीवर, सुईनं टोचल्यासारखा खड्डा असतो. हा खड्डा दिसला की लोक खूश होतात आणि तिथंच फसतात. बोथ्रिओक्लोआ ब्लाधीत तो कधी असतो, कधी नसतो. तिथं तुऱ्याची ठेवण बघावी: ब्लाधीचा मधला दांडा फाट्यांपेक्षा लांब, तर पर्टुसाचा आखूड, त्यामुळे फाटे जवळजवळ एकाच जागेवरून फुटल्यासारखे दिसतात.

मारवेलच्या कुळातली भावंडं त्यामानानं सरळ. तुऱ्याच्या लगेच खाली काडी केसाळ असेल तर डायकॅन्थियम अ‍ॅरिस्टॅटम. मारवेलची तिथं गुळगुळीत असते. डायकॅन्थियम कॅरिकोसमच्या सांध्यावर लव आखूड, नाहीतर नसतेच. कणिशकं जेमतेम 3 ते 5 मिलिमीटरची, म्हणून मोजताना कुसळ धरू नये. वाळलेला नमुना असेल तर कणिशक आधी गरम पाण्यात मऊ करावं, नाहीतर तूस उलगडताना फाटतं.

इतकं करूनही काही नमुने कुठंच बसत नाहीत, आणि त्यात बघणाऱ्याची चूक असतेच असं नाही. ब्लाधीचा मारवेलशीही संकर होतो, पर्टुसाच्या नातलगांशीही. हार्लन आणि डी वेट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1963 साली ब्लाधीला इतरांचे गुण गोळा करणारी जात ठरवलं. त्यात या गवतांत परागसिंचनानंतर अंडपेशीचं फलन न होताही बी धरतं, त्यामुळे एखादा संकर पिढ्यान्‌पिढ्या जसाच्या तसा टिकतो. असा नमुना मुळासकट उपटून कागदात दाबावा आणि चिठ्ठीवर जातीचं नाव रेटून लिहिण्याऐवजी देठातली रेघ, खड्डा आणि तळाची जोडी कशी दिसली ते टिपावं.