अप्पांनी माझे पैसे खाल्ले का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या पंगतीत विचारता, इथे सोलापुरात नवी पेठेत साडीची घडी मोडता मोडता विचारता, स्टेशनवरून सात रस्त्याला येताना रिक्षावाले काका आरशात बघत विचारतात. तोंडाळ असतात ते सरळ म्हणतात, "तुझे पैसे वडिलांनीच खाल्ले म्हणे. खरं काय गं?" सभ्य असतात ते 'आर्थिक नियोजन' म्हणतात. लहानपणी मी ज्या मालिकेत होते ती कुठली, मी गायलेलं गाणं कुठलं, ते सांगत बसत नाही. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांच्या रांगेत ते गाणं वाजून वाजून तुम्हालाच नकोसं झालं होतं.

तर उत्तर. पैसे अप्पांनी वापरले. सुरुवातीला मला विचारून वापरले. आता चौदा वर्षांच्या पोरीला जेवताना "बाळ, मशिनी घेऊ का गं?" म्हटलं, तर ते विचारणं झालं का, यावरून माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे. ते मिटवून मग लिहावं म्हटलं तर हे कधीच लिहून होणार नाही.

अप्पा कटिंग मास्तर. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण कर्नाटक-तेलंगणापर्यंतच्या कितीतरी शाळांचे गणवेश इथे शिवून जातात. मी मॉडेल झाले ती त्यापायी. शेठजींना कॅटलॉगसाठी मापात बसणारं पोरगं हवं होतं, अप्पांनी मला नेलं. एप्रिलचं ऊन, पत्र्याची शेड, अंगात लोकरीचा स्वेटर आणि वरून ब्लेझर. मापात बसले म्हणायचं एवढंच. पाठीमागून सगळा कपडा चिमट्यांनी आवळलेला असायचा, एक टाचणी कॉलरपाशी हमखास टोचायची, आणि फोटोत समोरून फिटिंग एकदम झकास. मजुरी म्हणून गणवेशाचा एक जोड मिळायचा, तोही कुठल्या तरी भलत्याच शाळेचा. आणि मला ते आवडायचं. दुसऱ्या पोरीला उभं केलं की मी रडून गोंधळ घालायचे. मला 'बिचारी' म्हणणाऱ्यांनी हेही जमेस धरावं.

पुढे पुण्यातल्या जाहिराती. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने जायचं, संध्याकाळी त्याच गाडीने परत. तिथवर सगळं ठीक होतं, कारण अप्पांची नोकरी शाबूत होती. मालिका मिळाली आणि त्यांनी नोकरी सोडली. मीरा रोडला भाड्याची खोली, तिचं डिपॉझिट, इकडे सोलापुरात आईचं नि धाकट्याचं घर, कामं मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन, टीडीएस कापून येणारा चेक, तोही शूटिंग झाल्यावर नव्वद दिवसांनी. तुम्ही टीव्हीवर मला रोज रात्री बघत होतात, तेव्हा अप्पा किराणा उधारीवर आणत होते. मी आता एका कर सल्लागारांकडे जीएसटीची रिटर्नं भरते, आकड्यांची मला भीती नाही. सगळं मांडून पाहिलंय. उरले ते थोडे होते. पण उरले होते, हेही खरं.

तेव्हाच माझं पॅन कार्ड काढलं. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवतात. मुलाने अंगच्या कलेवर कमावलेलं मात्र त्याचं स्वतःचंच धरतात. म्हणजे आयकर खात्याच्या लेखी ते पैसे माझेच होते, यात शंकेला जागा नाही. अल्पवयीनांच्या पॅन कार्डावर फोटो नसतो. पार्क चौकात होर्डिंगवर माझा एवढा मोठा फोटो आणि कार्डावर कोरी जागा, यावर आम्ही दोघं खूप हसलो होतो.

भेटेल तो वकील मला वीस टक्क्यांचं ऐकवतो. नियम आहे, खरं आहे. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला आणि २०१७ मध्ये नियम आले: चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांवर नाही, आणि कमाईतले निदान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. चांगला नियम आहे. तो आला तेव्हा मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी सुटले होते. मग तेच वकील जॅकी कूगनवर येतात. चॅप्लिनच्या १९२१ च्या सिनेमातला तो पोरगा, मोठा झाल्यावर आईवर आणि सावत्र बापावर कोर्टात गेला, त्यातून १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला. म्हणजे मीही केस करावी. कुणावर, तर जो माणूस सकाळी माझ्या डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी भरून देतो त्याच्यावर. बरं, डबा भरून दिल्याने हिशेब फिटतो असंही मी म्हणत नाही.

आता तो दिवस. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की मला कामं मिळेनाशी झाली म्हणून मी परत आले. तसं नाही.

मला अठरा पूर्ण झाली आणि गाणं काढणाऱ्या कंपनीने अंधेरीला बोलावलं. २०१८ ची सुरुवात. तोवरच्या प्रत्येक कागदावर पालक म्हणून अप्पांची सही होती. अल्पवयीनाने स्वतः केलेला करार कोर्टात उभा राहत नाही, म्हणून कंपनीला आता माझी सही पाहिजे होती, पुढच्या पाच वर्षांसाठी. अप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन. काचेचं टेबल, एसी एवढा की अप्पांनी हात मांड्यांखाली धरले होते. माझ्यापुढे कोल्ड कॉफी आणि इंग्रजी कागदांचा गठ्ठा.

मी वाचायला लागले. समोरच्या माणसाला ते अपेक्षित नव्हतं. अप्पा म्हणाले, "वाच, वाच. घाई नाही." शोच्या उत्पन्नातला मोठा वाटा कंपनीचा, माझं नाव वापरायचा हक्क त्यांचा, इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्यांच्याकडे, गाण्याचे पैसे एकदाच, ठोक. मी विचारलं, रॉयल्टीचं काय? कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्यालाही कायद्याने रॉयल्टीचा हक्क आहे, एवढं मी कुठून तरी वाचलं होतं. "वो सब हम बाद में देख लेंगे ना, बेटा." बाजूच्या पोरीने माझ्या ग्लासखाली टिश्यू सरकवला.

शेवटून दुसऱ्या पानावर अॅडव्हान्सची रक्कम होती. 'पोहोचली' म्हणून. तारीख आधीच्या दिवाळीची. खाली मराठीत सही. ती सही मी झोपेतही ओळखीन, माझ्या प्रगतिपुस्तकांवर तीच असायची, आडनावाच्या शेवटी एक लांब रेघ ओढलेली.

"अप्पा, हे काय?"

"सांगणार होतो."

"कशाला घेतले?"

"ओव्हरलॉकच्या मशिनी. सीझन तोंडावर आला होता गं."

समोरचा माणूस मोबाईल बघत होता. मराठी कळत नसल्यासारखा. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, मी सही करत नाही. आवाज चढवला नाही, रडलेही नाही. सिनेमात दाखवतात तसलं काही नव्हतं ते. अप्पांनी आधी पाणी मागितलं. अर्धा ग्लास प्यायले. मग उभे राहिले, आणि उभं राहूनच म्हणाले, "पैसा वापस करेंगे साब. थोडा टाइम दो." शेठजींपुढे उभं राहून बोलायची आयुष्यभराची सवय. माझा राग तिथवर पक्का होता. ते उभे राहिले आणि मला त्यांचा हात धरून खाली बसवावंसं वाटलं. बसवलं नाही.

रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने परत निघालो. अप्पा बोलले नाहीत. मीही नाही. कुर्डुवाडीला ते उतरले, दोन चहा घेऊन आले, आणि पिशवीतून त्यांची हिशेबाची वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. मीरा रोडला गेल्यापासूनची. रिक्षाभाडं, दूध, माझ्या सर्दीचं औषध, कोऑर्डिनेटरला दिलेली मिठाई, सगळं होतं. शूटिंगच्या एका तारखेसमोर लिहिलं होतं, 'बारा तास. जादा तासांचे मागावेत का?' आणि खाली दुसऱ्या शाईत, 'मागू नयेत.' पोरीला बारा तास उभं केलं म्हणून गाडी काढून तिला घरी न्यावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना ओव्हरटाईम आठवला. जन्मभर दुसऱ्याच्या शेडमध्ये कात्री चालवलेल्या माणसाला तेच आठवणार, असं मी आज म्हणते. त्या दिवशी मी वही मिटून खिडकीबाहेर बघत बसले.

मोहोळ गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, तू सही करणारच."

आणि खरं सांगायचं तर अंधेरीचा जिना चढेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

अॅडव्हान्स फेडायला जुळे सोलापुरातला प्लॉट विकला. तो मालिकेच्या पैशातला होता. म्हणजे माझ्याच पैशांनी माझी सुटका झाली, असं एक मैत्रीण म्हणते. तिला हे वाक्य फार आवडतं.

त्यानंतर एकोणिसाव्या वर्षी मी एका चॅनेलला मुलाखत दिली, ती तुम्ही अजून मला पाठवता. 'माझं बालपण विकलं गेलं' असं त्यात मी म्हटलंय. त्या पोरीशी माझं पटत नाही. तिला विचारावंसं वाटतं, बाई, विकलं म्हणतेस, मग दुसरी पोरगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की थयथयाट कोण करत होतं? पण ती खोटं बोलत नव्हती. तिला त्या शेवटून दुसऱ्या पानावरची तारीख आठवत होती. मी ते वाक्य मागे घेत नाही. पुन्हा म्हणणारही नाही. अप्पांनी ती मुलाखत आमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवर, चार माणसांत बघितली, असं मला नंतर धाकट्याकडून कळलं.

"आपल्या अकलूजच्या रिंकूचं बघ," हेही एकदाचं उरकून टाकते. २०१६ साली 'सैराट' आला, त्याच वर्षी माझं गाणं, त्यामुळे तुलना होणारच. रिंकू राजगुरूला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला. तिला अभिनय येत होता. मला कॅमेऱ्यासमोर न लाजता उभं राहता येत होतं, आणि गाण्यात जे सुरात ऐकलंत त्यातलं बरंचसं पिच करेक्शन होतं, म्हणजे मशीनने दुरुस्त केलेला सूर. माझ्या आवाजावर पाच वर्षं कुणी जगलं नसतं. हे मला त्या टेबलावर माहीत होतं का, की नंतर सुचलेलं समर्थन आहे, देव जाणे.

मग मशिनींचं काय झालं, हा पुढचा प्रश्न. अक्कलकोट रोडला अप्पांचं छोटं युनिट होतं, बरं चाललं होतं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. गणवेशाचा सगळा धंदा जूनच्या आधीचा. माल शिवून तयार, आणि जून आलाच नाही. पुढच्या वर्षीही तेच. साधा शर्ट कुठेही खपवता येतो, पण खिशावर शाळेचा बॅज शिवलेला शर्ट दुसरं कोण घेणार? अप्पा आणि आई रात्री बसून ब्लेडने बॅज उसवायचे. उसवल्यावर तिथे कापड गडद राहायचं, चौकोनी. दुकानदारांकडची उधारी आली नाही. ओव्हरलॉकच्या मशिनी भंगारापेक्षा थोड्या बऱ्या भावात गेल्या. करोनाने खाल्ले म्हणा हवं तर. मला तेवढं सोपं उत्तर पटत नाही, कारण करोना नसता आणि युनिट वाढलं असतं, तरी ते माझ्या नावावर नव्हतंच. कागदावर प्रोप्रायटर अप्पा. मी कधी विचारलंच नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता ते पुन्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये कटिंग मास्तर आहेत. पगार झाला की दर महिन्याला माझ्या खात्यात दोन हजार टाकतात. शेऱ्यात लिहितात, 'परत'. मी ते लगेच त्यांच्या खात्यात उलटे पाठवते. ते पुन्हा टाकतात. यावरून घरात भांडण होतं, आई दोघांनाही शिव्या घालते. मी ठेवून घेतले तर ते माझं देणं लागतात हे मी कबूल केल्यासारखं होतं. पाठवले तर काहीच लागत नाही असं म्हटल्यासारखं, आणि तसं मला म्हणायचं नाहीये. अप्पांना मुद्दा कळतो. "ठेव की, हिशेब आहे," एवढंच म्हणतात.

ह्या महिन्याचे आले आहेत. अजून मी काही केलेलं नाही.